चौथी सीट

प्रार्थना करायची तर खोलीत जा, दार लावून घे आणि मग कर, असं येशूने शिष्यांना सांगितल्याचं मत्तयाच्या सहाव्या अध्यायात आहे. चव्हाट्यावर उभं राहून, चार लोकांनी बघावं म्हणून केलेल्या प्रार्थनेची त्याला चीड होती. उपदेश सरळ आहे, सगळ्यांना पटणारा आहे. पण डोंबिवलीत दहा बाय बाराच्या जागेत सहा माणसांचा संसार बघितलेल्या आमच्यासारख्यांना तो वाचताना पहिला प्रश्न पडायचा: कुठल्या खोलीत? होती ती एकच. तिच्यातच स्टोव्ह, तिच्यातच मोरी, तिच्यातच आजीची कॉट आणि भावाचा दहावीचा अभ्यास. दार तर लावायचीच सोय नव्हती. दिवसाढवळ्या दार बंद दिसलं की शेजारच्या काकू कडी वाजवायच्या, ‘काय हो, सगळं बरं आहे ना?’

आई प्रार्थनेला बसायची ती कॉटच्या कडेला, भिंतीकडे तोंड करून. डोक्यावरून पदर पुढे ओढला की आम्ही रेडिओ बारीक करायचो. तिला मनातल्या मनात प्रार्थना करता यायची नाही. ओठ हलायचे आणि पुटपुटणं सगळ्यांना ऐकू यायचं. त्यामुळे आपल्यातल्या कोणाचं काय देवाच्या कानावर गेलं आहे, हे घरात ज्याचं त्याला कळायचं. एकदा ती देवाकडे सासूशी बोलताना जिभेवर ताबा राहू दे म्हणून मागत होती, आणि सासू दोन हातांवर मटार सोलत बसली होती. आजीने शेंग मोडता मोडता म्हटलं, ‘मागून घे, मागून घे. माझ्यासाठी पण तेच माग.’

मला वाटतं, आईची प्रार्थना खरी राहिली ती या अडचणीमुळेच. दार लावून घेतल्याने दिखाऊपणा टळतो हे खरं, पण दुसरी एक लबाडी बंद दाराआडच फोफावते. तिथे आपल्याला अडवणारं कोणी नसतं. लूकच्या शुभवर्तमानातला परूशी आठवा. मंदिरात उभा राहून, मी या जकातदारासारखा नाही म्हणून देवाचे आभार मानणारा. तो काही ओरडून बोलत नव्हता. लूक म्हणतो, तो आपल्या मनाशीच प्रार्थना करत होता. दूर उभ्या असलेल्या जकातदाराला ते ऐकू गेलं असतं तर कदाचित एवढं बोलायचं धाडस त्याला झालं नसतं. सासूच्या देखत सासूबद्दल बोलायचं म्हटलं की माणूस आपोआप आपल्याच जिभेपाशी येतो.

आमच्या मंडळीत आठवड्याला घरसभा असते, दर वेळी निराळ्या घरी. खाली सतरंजी, म्हाताऱ्यांसाठी मागून आणलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, खाकी कव्हरं घातलेल्या ‘उपासना संगीत’च्या प्रती, पेटी असली तर पेटी, नाहीतर टाळ्या. दोन गीतं होतात, शास्त्रपाठ होतो, पाळकसाहेब थोडं बोलतात, शेवटी चहा आणि पोहे. यात जोखमीची जागा एकच, ती म्हणजे प्रार्थनेचे विषय. कोणासाठी प्रार्थना करायची ते आधी सांगायचं असतं, आणि तिथे भल्याभल्यांचा पाय घसरतो. ‘एका मुलीसाठी प्रार्थना करू या. नाव नको घ्यायला. त्या रेल्वे क्वार्टर्समधली, थोरली, बँकेत आहे ती. फार अडचणीत आहे.’ एवढं सांगून झाल्यावर नाव घ्यायचं राहिलं काय? दुसरा प्रकार डोळे मिटून टोमणे मारायचा. ‘हे प्रभू, जे बांधव उशिरा येतात त्यांना वेळेचं भान दे,’ हे ऐकत उशिरा आलेला बांधव दारात एका पायातली चप्पल काढून उभा असतो.

एका वर्षी नवे पाळकसाहेब आले आणि त्यांनी नियम केला: विषय ज्याने त्याने आपला स्वतःचाच सांगायचा, दुसऱ्याचा नाही. त्या संध्याकाळी सभा पंधरा मिनिटं लवकर आटोपली. पुढच्या आठवड्यातही कोणी बोलेना. मग एक गृहस्थ बोलले. कायम इस्त्रीच्या शर्टात असणारे, दानाची पिशवी फिरवणारे, सगळे ज्यांना मान द्यायचे असे. एमआयडीसीतली त्यांची कंपनी बंद पडून पाच-सहा महिने झाले होते. रोज सकाळी डबा घेऊन ते घरातून निघत, स्टेशनवर जात आणि संध्याकाळपर्यंत एक नंबरच्या प्लॅटफॉर्मवर बसून राहत. बायको शेजारीच बसली होती. तिलाही ते तिथेच कळलं.

त्यावर कोणी भाषण केलं नाही. एका बाईने तिच्या पाठीवर हात ठेवला. पोहे कोणी खाल्ले नाहीत. नंतर ओळखीपाळखीतून त्यांना अंबरनाथला कुठेतरी स्टोअरकीपरचं काम मिळालं, पण मला सांगायचं ते वेगळंच आहे. हा माणूस आयुष्यभर देणाऱ्यांत होता. वर्गणी देणारा, दवाखान्यात रात्र काढणारा, मयताला पहिला पोचणारा. नम्र म्हणून त्याचं नाव होतं. त्याला खरा जड गेला तो मागण्याचा क्षण. सेवा करणाऱ्याला आपण नम्र म्हणतो. सेवा करून घेणाऱ्याला बिचारा म्हणतो. यात कुठेतरी आपली चूक होते असं मला तेव्हापासून वाटत आलं आहे.

नोकरीच्या काळात माझी सकाळ लेडीज डब्यात जायची. मध्य रेल्वेच्या बायकांना सांगायला नको, तीन जणींच्या बाकावर चौथी बसते. ती सीट कोणी आपणहून देत नाही, मागावी लागते. ‘जरा सरका.’ मग तिघी इंच इंच सरकतात, चौथी अर्धी मांडी बाकावर आणि अर्धी हवेत ठेवून बसते, आणि कळवा येईपर्यंत चौघींची पाठ सारखीच अवघडलेली असते. एकोप्याचं मला ठाऊक असलेलं चित्र एवढंच आहे. बाक काही लांब होत नाही, कोणी उठून त्यागही करत नाही. कोणालाच ऐसपैस बसता येत नाही, पण सगळ्या पोचतात.

त्या डब्यात काही कॅथलिक बायका रोझरी म्हणायच्या. एकीने सुरुवात करायची, बाकीच्यांनी पूर्ण करायचं. आम्ही पडलो प्रोटेस्टंट, त्यातून मूळचे नगरकडचे. मरियेपुढे प्रार्थना करणं आमच्यात बसत नाही. मी खिडकीबाहेर बघत बसायचे. समोर एक मल्याळी नर्स असायची, मोबाइलवर तिच्या लिपीतलं काहीतरी वाचत ओठ हलवणारी. दिव्याच्या पुढे दुसऱ्या टोकाला टाळ घेऊन भजन चालायचं. एकदा रोझरी सांगणाऱ्या बाईचा आवाज बसला होता. तिने माझ्याकडे बघून नुसती खूण केली, तू घे. मला ‘नमो मरिया’ नीट येत नव्हतं. प्रभूची प्रार्थना तेवढी दोघींची एकच. ‘तेवढीच म्हण,’ ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, ‘बाकीचं आम्ही बघतो.’ मी तेवढंच म्हटलं. मुंब्र्याच्या बोगद्यात सगळ्यांचे आवाज घुमले आणि बोगदा संपला.

अशा एकीला धर्मशास्त्रात काही किंमत आहे का, ठाऊक नाही. पण ठाण्यात तिचा इतिहास मोठा जुना आहे.

तळ्याकाठचं सेंट जॉन बॅप्टिस्ट चर्च सगळ्यांना माहीत असतं. पोर्तुगीज काळातलं हे चर्च, समोर मासुंदा तलाव आणि तलावाच्या पलीकडे कोपिनेश्वर. ठाण्याचा ख्रिस्ती इतिहास तिथून सुरू होतो असं आपण समजतो. प्रत्यक्षात तो पोर्तुगीजांच्या कितीतरी आधीचा आहे. १३२१ साली पूर्वेकडे निघालेले चार जण ठाण्याला उतरले: तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा डिमीट्रियस. फ्रान्सिस्कन संन्यासी होते. त्यांना जायचं होतं दुसरीकडेच, जहाजाने आणून सोडलं इथे. त्या वेळी ठाण्यात ख्रिस्ती लोकांची पंधरा घरं होती असं ओडोरिक नावाच्या प्रवाशाने लिहून ठेवलं आहे, आणि त्यातल्याच एका घरात या चौघांना आसरा मिळाला.

आता गंमत अशी की ही पंधरा घरं नेस्टोरियन होती, म्हणजे पर्शियाकडच्या पूर्वेकडील मंडळीची. ४३१ साली एफेससच्या धर्मपरिषदेत ख्रिस्ताच्या स्वरूपावरून वाद झाला आणि त्यानंतर रोमच्या लेखी ही मंडळी पाखंडी ठरली होती. नऊशे वर्षं दोन्हीकडचे विद्वान एकमेकांना चुकीचं ठरवत होते. आणि ठाण्यातल्या कुणा यजमानाने रोमच्या चार संन्याशांना दारात बघून, या म्हटलं. ख्रिस्ताच्या स्वरूपाबद्दल काय मानता, हे विचारलं असेल असं वाटत नाही. 

पुढचं इतिहासात आहे. त्या घरात नवराबायकोचं भांडण झालं, नवऱ्याने बायकोला मारलं, ती काझीकडे गेली आणि घरात उतरलेले पाहुणे साक्षीला आहेत म्हणाली. तिघे साक्षीला गेले, पीटर सामानापाशी थांबला. साक्षीचा विषय बाजूला पडून धर्मावर वाद पेटला आणि त्यातून आधी ते तिघे आणि मग पीटर, चौघेही एप्रिल १३२१ मध्ये मारले गेले. ओडोरिकच्याच वृत्तांताप्रमाणे दिल्लीच्या सुलतानाने पुढे त्यांना मारवणाऱ्या ठाण्याच्या अधिकाऱ्यालाही त्याबद्दल शिक्षा केली. त्या चौघांचा सोबती जॉर्डेनस याने त्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले. नंतर ओडोरिकने त्यांच्या अस्थी थेट चीनपर्यंत नेल्या. चर्चमध्ये या चौघांची आठवण निघते ती हुतात्मे म्हणून, आणि ते योग्यच आहे. माझं मन मात्र त्या घरात अडकतं. मार खाल्लेली ती बाई, तिचं नावही कोणी लिहिलं नाही. आणि तो यजमानही, बायकोवर हात उगारणारा, तरी परक्यांना आसरा देणारा. पवित्र माणसांच्या गोष्टीत अशी अर्धी कच्ची माणसं असली की ती गोष्ट ठाण्याची वाटते.

त्या जुन्या वादाचं पुढे काय झालं? ११ नोव्हेंबर १९९४ रोजी पोप जॉन पॉल दुसरे आणि पूर्वेकडील मंडळीचे प्रमुख मार दिन्खा चौथे यांनी एका संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. ख्रिस्ताबद्दलची आपली श्रद्धा एकच आहे, भांडण बरंचसं शब्दांचं होतं, असा त्याचा सारांश. पंधराशे वर्षांहून जास्त काळ लागला. ठाण्यात ते काम एका संध्याकाळी झालं होतं.

कल्याणचं आणखी जुनं. सहाव्या शतकात कॉसमस नावाच्या व्यापाऱ्याने ‘कल्लियाना’ या बंदरात ख्रिस्ती लोक असल्याचं आणि त्यांचा बिशप पर्शियाहून नेमला जात असल्याचं लिहिलं. हे आपलं कल्याण असं बऱ्याच अभ्यासकांचं मत. काहींना ते केरळातलं कोल्लम वाटतं. कल्याण-डोंबिवलीकर म्हणून मी पहिल्यांच्या बाजूची आहे, पण तो वाद असो. १९८८ मध्ये सिरो-मलबार कॅथलिकांचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला तो कल्याणच्या नावाने. केरळातून आलेल्या नर्सेस, रेल्वेवाले, कारखान्यांतले फिटर आणि टायपिस्ट यांच्यासाठी. २०२५ मध्ये त्याचा महाधर्मप्रांत झाला. या लोकांची उपासना पूर्व सिरियाक परंपरेतली, म्हणजे ठाण्यातल्या त्या पंधरा घरांच्या गोतावळ्यातली. गोतावळा परत आला, पण या वेळी एक्स्प्रेसने आणि नारळाच्या तेलाचे डबे घेऊन.

त्यांचंही आपसात सगळं गोडीगुलाबीचं आहे असं नाही. मिस्सा चालवताना धर्मगुरूने तोंड लोकांकडे करायचं की वेदीकडे, यावरून केरळात अलीकडे एवढा तंटा झाला की चर्चला कुलूप लागायची वेळ आली. आम्ही तरी हसावं अशी परिस्थिती नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रदरन, ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्ट, डिसायपल्स आणि आधीच एकत्र झालेलं युनायटेड चर्च. चाळीसेक वर्षांच्या बोलण्यांनंतर. त्यांनी सर्वांनी एक व्हावं, ही वधस्तंभाच्या आदल्या रात्रीची येशूची प्रार्थना खरी झाली, असं त्या दिवशी मोठ्या माणसांना वाटलं. अमेरिकन मेथडिस्ट मात्र अगदी ऐन वेळी बाहेर राहिले. पुढे ब्रदरनच्या मालमत्तेचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन २०१३ मध्ये त्याचा निकाल लागला. श्रद्धा एक करता आली. सातबारा एक होईना.

म्हणून ही एकी खोटी होती असं मी म्हणणार नाही. ठाण्याचं सेंट जेम्स चर्च १८२५ मध्ये कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हीबर यांनी अर्पण केलं, ते साहेबलोकांसाठी. तिथल्या बाकांवर आपली माणसं मालकाच्या हक्काने बसतील, हे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही आलं नसेल. कागदावरच्या एकीने एवढं नक्की केलं. पण कागदावरच्या एकीत सगळे देणारे असतात. आम्ही आमची परंपरा देतो, तुम्ही तुमची इमारत द्या. तुमचं आम्हाला काय हवंय, आमच्यात काय कमी आहे, हे बोलायची तिथे पद्धत नसते.

ऑफिसातली एक ईस्ट इंडियन कॅथलिक मैत्रीण मला एका वर्षी पवित्र गुरुवारी ठाण्यातल्या तिच्या चर्चमध्ये घेऊन गेली. त्या दिवशी फादर बारा जणांचे पाय धुतात, येशूने शिष्यांचे धुतले तसे. पूर्वी हे बाराही पुरुषच असायचे. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये रोमच्या बालसुधारगृहात जाऊन तिथल्या मुलांचे पाय धुतले, त्यांत मुलीही होत्या आणि मुस्लिमही. मग २०१६ मध्ये नियमच बदलला. मी पाहिलं त्या वर्षी बारात चार-पाच बायका होत्या. एक गोष्ट लगेच ध्यानात आली: सगळे पाय आधीच धुतलेले होते. घासून, नखं कापून, काहींच्या पायांत तर कालपरवा घेतलेल्या चपला. फादरनी मगने पाणी घालायचं, खाली प्लास्टिकचा टब, टॉवेलने टिपायचं, पुढे सरकायचं. धुळीतून आलेले पाय असे कुठे नव्हतेच.

शेवटून दुसरी बाई सोसायट्यांमध्ये झाडलोट करणारी होती, हे मैत्रिणीने कानात सांगितलं. तिच्या टाचांना भेगा होत्या, आणि त्या घासून जाणाऱ्या नव्हत्या. फादर समोर गुडघ्यांवर बसले तशी तिने पाय मागे घेतला. बाकाखालीच घेतला. फादर हातात मग धरून थांबले. काही बोलले नाहीत, ओढलाही नाही. गायकवृंदाचं कडवं संपलं, दुसरं सुरू झालं. तिने पाय पुढे केला तेव्हा पदराचं टोक तोंडात धरलं होतं.

पेत्रानेही पाय मागेच घेतला होता. योहानाच्या शुभवर्तमानात तो चक्क म्हणतो, माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत. आपण हे त्याच्या विनयाचं लक्षण समजतो. येशूला ते तसं वाटलेलं दिसत नाही. धुवू दिले नाहीस तर तुझा माझा संबंध संपला, इतक्या टोकाला तो जातो. गुडघ्यांवर बसलेल्या फादरना त्या दिवशी काही फार सोडावं लागलं नाही. लोक त्यांना नम्र म्हणणारच होते. सोडलं त्या बाईने.

आणि हा धडा मराठी ख्रिस्ती माणसाला कोणी शिकवला असेल तर लक्ष्मीबाई टिळकांनी. कल्याणचा यात थोडा वाटा आहे: त्यांचे पती रेव्हरंड टिळक यांचं पहिलं शिक्षण कल्याणच्या शाळेत झालं, १८६९ पासून चारेक वर्षं. त्यांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई पाच वर्षांनी, १९०० साली. मधली वर्षं लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आहेत, आणि ती वाचताना जाणवतं की त्यांना अडलं ते ख्रिस्तापाशी नव्हे, पाण्याच्या तांब्यापाशी. कोणाच्या हातचं प्यायचं, कोणाच्या हातचं खायचं. द्यायला त्या कधीच कचरल्या नाहीत. घेताना सोवळं आडवं यायचं. ते कसं सुटत गेलं, हे त्यांनी स्वतःची खिल्ली उडवत लिहिलं आहे. दुसऱ्या कोणी हे लिहिलं असतं तर त्याचं प्रवचन झालं असतं.

आमच्या मंडळ्यांतून ते अजून पुरतं सुटलेलं नाही. नगर भागातली बहुतेक ख्रिस्ती घरं दलित समाजातून आलेली. बामणांतून आलेली थोडी, पण पुस्तकं त्यांचीच जास्त. आजही सोयरीक जुळवताना चहाचा कप खाली ठेवत कोणीतरी हळूच विचारतं, ‘मूळचे कोण?’ प्रभुभोजनाला एका प्याल्याची परंपरा असलेले लोक हे विचारतात. डोंबिवलीत हा प्रश्न नगरपेक्षा कमी ऐकू येतो, एवढंच. याचं श्रेय धर्माला द्यावं की घरभाड्याला, मला सांगता येत नाही.

टिळकांनी अखेरच्या काळात मिशनचा पगार सोडला आणि १९१७ मध्ये साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. मिशनच्या लोकांना ते अडचणीचं वाटलं असणार. दोन वर्षांत टिळक गेले आणि दरबार फार चालला नाही. पण त्यांचे अभंग राहिले आणि चाली ओळखीच्या असल्यामुळे आमच्या शेजारच्या काकूंना ते तोंडपाठ झाले. काकू कऱ्हाड्या ब्राह्मण, मंगळवारी उपास, फडके रोडच्या गणपतीला नेमाने जाणाऱ्या. आमच्याकडे घरसभा असली की स्वतःच्या उंबऱ्यात भाजी निवडत बसायच्या आणि ध्रुपद आलं की खुशाल आमच्यात आवाज मिसळायच्या. पाळकसाहेबांपेक्षा त्या सुरात असायच्या, हेही सांगायला हवं.

वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा काकू गणपतीचा अंगारा घेऊन आल्या. आम्ही सगळे आईकडे बघायला लागलो. मूर्तीपुढचं काही घ्यायचं नाही ही आमच्या घरातली रीत, आजीपासूनची. आईला पौलाचं करिंथकरांस पत्र पाठ होतं, त्यातला मूर्तीला दाखवलेल्या अन्नाचा अध्यायही. काकू रात्रीचं दवाखान्यात बसून आल्या होत्या, डोळे सुजलेले. आईने दोन्ही हात पुढे केले. पुडी घेतली, वडिलांच्या उशाशी ठेवली, लावली मात्र नाही. काकूंनी ते पाहिलं आणि काही मनाला लावून घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब आले, त्यांना पुडी दिसली. त्यांनी वडिलांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि ‘या घरासाठी झिजणाऱ्या शेजारणीसाठी’ असं म्हणून काकूंसाठीही केली. काकू दारातच होत्या, भाजी नव्हती त्या दिवशी हातात.

आई बरोबर वागली की नाही, यावर माझ्या भावाचं आणि माझं अजून एकमत नाही. त्याचं म्हणणं, तडजोड ती तडजोड. मी म्हणते, पौलाचा तो अध्याय संपतो तो दुसऱ्याच्या मनाला जपण्यावरच. तो म्हणतो, दुबळ्या मनाच्या ख्रिस्ती भावाच्या, शेजारणीच्या नव्हे. यात त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही.

वडील अंथरुणाला खिळले तेव्हापासून आमच्याकडे सतरंजी टाकायला जागा उरली नाही. आमच्या पाळीची घरसभा मग काकूंकडे व्हायला लागली. मागायला आईच गेली होती. गेली ती चांगली तासाभराने परत आली. काकूंनी देवघराचा पडदा तेवढा ओढून घेतला आणि खुर्च्या खालच्या मजल्यावरून आणवल्या. पहिल्याच सभेत विषय सांगायची वेळ आली तशी त्यांनीही आपला सांगितला: सून बोलत नाही, आणि दोष निम्मा माझा आहे. ‘निम्मा’ म्हणताना जरा थांबल्या होत्या. पाळकसाहेबांची त्या दिवशीची प्रार्थना लांबली. सगळ्यांचे डोळे मिटलेले, आणि स्वयंपाकघरातून काकूंचा दबका पण स्पष्ट आवाज आला, ‘अहो पाळकसाहेब, आमेन जरा लवकर घ्या. सातला पाणी येतं, आणि तुम्हा सगळ्यांच्या चपला माझ्या पिंपापुढे आहेत.’